‘शेतकऱ्यां’तील अर्धा र : संगणकीय मराठीतील जुनी मानके आणि ती वगळण्याचा प्रश्न

प्रस्तावना

निफाड तालुक्यातील लासलगाव हे गाव कांद्याच्या बाजारपेठेमुळे देशभर ओळखले जाते. येथील कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ मध्ये स्थापन झाली. अशा बाजारपेठेत रोज जो मराठी मजकूर लिहिला जातो, म्हणजे सूचनाफलक, लिलावाच्या वेळा, इतिवृत्ते, निवेदने, त्यात काही शब्द वारंवार येणे अपरिहार्य आहे : शेतकऱ्यांना, व्यापाऱ्यांनी, अधिकाऱ्यांकडे, दुसऱ्या दिवशी. या चारही शब्दांमध्ये ‘र’ हे अक्षर ज्या रूपात येते, ते रूप हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘र’ला व्यंजन जोडताना मराठीत दोन वेगळ्या खुणा वापरल्या जातात. ‘धर्म’, ‘सूर्य’ या शब्दांत तो पुढील अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, तर ‘शेतकऱ्यां’मध्ये तो अर्धचंद्रासारखा पुढील अक्षराच्या डाव्या अंगाला चिकटतो. हा भेद शोभेचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांतील गल्लत कोणत्याही समारंभात महागात पडू शकेल. हिंदीच्या प्रचलित लेखनात हा अर्धा र नाही. वऱ्हाड, कऱ्हाड, ऱ्हास, पऱ्हाटी हे शब्द त्याशिवाय लिहिता येत नाहीत.

आजच्या संगणकावर ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द डोळ्यांना एकच दिसत असला, तरी तो तीन वेगवेगळ्या प्रकारे साठवलेला असू शकतो. एका प्रकाराने लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधल्यास साधा मजकूर-संपादक तो नाही असे सांगतो. ही अडचण कोणाच्या हलगर्जीपणातून उद्भवलेली नाही. एका जुन्या मानकाशी, आणि मग त्या नव्या मानकाच्याच जुन्या आवृत्तीशी, सुसंगत राहण्याच्या प्रयत्नातून ती निर्माण झाली. जुनी सुसंगतता केव्हा, कोठून आणि कशा रीतीने काढून टाकावी, हा संगणकशास्त्रातला प्रश्न समजला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो तितकाच इतिहासाच्या अभ्यासकाचा आहे, कारण कोणते लिखाण पुढील पिढीला वाचता येईल हे त्यावर ठरते.

तमिळ अक्षराच्या घरी मराठी अक्षर

भारतीय लिप्यांसाठी संगणकीय संकेतांचे मानक ठरवण्याचे प्रयत्न केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाकडून झाले. कानपूरच्या आयआयटीमध्ये मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्षेत्रात पायाभूत काम केले आणि पुढे ते पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये विस्तारले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने जे मानक स्वीकारले, ते ‘इस्की’ या संक्षिप्त नावाने परिचित आहे.

इस्कीमागची कल्पना धाडसी होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व भारतीय लिप्यांचा वर्णक्रम मूलतः एकच असल्यामुळे सर्वांना एकच संकेतसंच द्यावा आणि कोणत्या लिपीत दाखवायचे ते वेगळ्या खुणेने सांगावे, अशी ती योजना होती. देवनागरीतला ‘क’ आणि तमिळमधला ‘क’ यांचा संकेत एकच. त्यामुळे एका लिपीतील मजकूर दुसऱ्या लिपीत दाखवणे जवळजवळ विनासायास होई. मात्र दक्षिणेकडील लिप्यांत जी अक्षरे होती आणि देवनागरीत नव्हती, त्यांच्यासाठी देवनागरीतही जागा राखावी लागली. तमिळमधील दुसऱ्या, कठोर ‘र’साठी नुक्ता दिलेला ‘ऱ’ देवनागरीत आला तो अशा रीतीने.

संपूर्ण ‘ऱ’ मराठीत कधी वापरला जात नाही. म्हणजे घर बांधले होते तमिळ अक्षरासाठी, आणि मराठीच्या दृष्टीने ते रिकामे होते. इस्कीच्या रचनाकारांनी त्याचा उपयोग करून घेतला : ‘र’चा पाय मोडला की रफार आणि ‘ऱ’चा पाय मोडला की अर्धचंद्राकृती र. याच मानकाचा भाग असलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, ‘ऱ’ मिळतो. इनस्क्रिप्ट शिकलेल्या कोणत्याही लिपिकाची बोटे ‘शेतकऱ्यांना’ लिहिताना तिकडेच जातात. आपण तमिळचे अक्षर उसने घेत आहोत याची त्याला कल्पना नसते आणि तशी गरजही नाही. उपाय तात्पुरता वाटेल असा असला, तरी नेमका होता. एका अक्षरासाठी एकच लेखन, आणि त्यात अदृश्य असे काही नाही.

दोन नियम, तीन लेखने

१९९१ मध्येच युनिकोड या जागतिक मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती, त्यामुळे ‘ऱ’ही तेथे गेला. परंतु युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र जागा दिली. सर्व लिप्यांना एकच संकेत ही इस्कीची मूळ कल्पना येथे गळून पडली आणि तिच्यासाठी निर्माण केलेली अक्षरे मात्र राहिली. खांब काढून टाकल्यावरही त्यावरचे नक्षीकाम उरावे, तसा हा प्रकार म्हणता येईल.

१९९६ मधील युनिकोड २.० या आवृत्तीत अर्ध्या र साठी वेगळी रीत सांगितलेली होती : ‘र’, मग पाय मोडण्याचे चिन्ह, आणि त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ म्हणजे शून्य रुंदीचे, डोळ्यांना न दिसणारे सांधकचिन्ह. पुढील आवृत्त्यांनी इस्कीशी सुसंगत राहण्यासाठी ‘ऱ’चा पाय मोडण्याची रीत हा मुख्य नियम केला; मात्र २.० आवृत्तीशी सुसंगतता राहावी म्हणून सांधकचिन्हाची रीतही पुरवणी-नियम म्हणून कायम ठेवली. अशा प्रकारे एकाच अक्षरासाठी दोन नियम शेजारी शेजारी उभे राहिले. दोन्हींच्या मागे कारण एकच, सुसंगतता. फक्त ती कोणाशी, एवढाच फरक.

तिसरे लेखन ‘ऱ’च्याच पोटात आहे. युनिकोडच्या दृष्टीने ‘ऱ’ आणि ‘र अधिक नुक्ता’ ही दोन समतुल्य लेखने आहेत. सामान्यीकरणाच्या प्रक्रियेत ती एकमेकांत बदलली जातात, म्हणून हा भेद तुलनेने निरुपद्रवी आहे. सांधकचिन्हाचे लेखन मात्र या समतुल्यतेत येत नाही. कितीही सामान्यीकरण केले तरी ते ‘ऱ’च्या लेखनाशी एकरूप होत नाही.

या शतकाच्या पहिल्या दशकात मराठी लोक मोठ्या संख्येने संगणकावर लिहू लागले. विंडोज २००० पासून त्या प्रणालीत देवनागरीची युनिकोड सोय आली. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. अनुदिनी लिहिणारे पुढे आले. त्यांच्यातील बहुतेकांनी इनस्क्रिप्ट शिकण्याऐवजी रोमन अक्षरांतून देवनागरी उमटवणारी साधने पसंत केली आणि त्यांतील काही साधने अर्धा र सांधकचिन्हाच्या रीतीने लिहीत. परिणामी त्या काळातील मराठी मजकुरात दोन्ही प्रकारची ‘शेतकऱ्यांना’ सर्रास मिसळलेली आढळतात. कांद्याच्या भावाविषयीच्या पंधरा वर्षांतील लेखनाचा शब्दशोधाने अभ्यास करू पाहणाऱ्या संशोधकाने एकाच रीतीने शोध घेतला, तर त्याला मिळणारी संख्या अर्धवट असेल, आणि ती अर्धवट आहे हे त्याला कळणारही नाही. आपल्याकडे संगणकीय शब्दगणनेवर आधारलेले निष्कर्ष हल्ली उत्साहाने मांडले जातात, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

याहून वाईट परिणाम अदृश्य चिन्हामुळे होतो. मजकूर स्वच्छ करताना अनेक आज्ञावल्या न दिसणारी चिन्हे कचरा समजून काढून टाकतात. सांधकचिन्ह गेले की उरतो तो फक्त पाय मोडलेला ‘र’, आणि तो रफार होतो. ‘शेतकऱ्यांना’चे ‘शेतकर्यांना’ होते. हे रूप वाचकांनी असंख्य वेळा पाहिले असेल आणि लिहिणाऱ्याच्या अशुद्धलेखनाला बोल लावला असेल. कित्येकदा लिहिणाऱ्याने शुद्धच लिहिलेले असते, मधल्या एखाद्या प्रणालीने त्याचा अर्धा र गिळलेला असतो. आंतरजालावरील पत्त्यांसाठी २००३ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतही हे सांधकचिन्ह वगळले जाई. पुढील नियमांत विशिष्ट जागी त्याला परवानगी देण्यात आली.

मग यांपैकी एक रीत काढूनच का टाकू नये? मानकातून ती काढता येत नाही, असे उत्तर आहे, आणि त्यालाही इतिहास आहे. युनिकोड २.० मध्ये कोरियन अक्षरे एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेण्यात आली होती. जुन्या जागांवर लिहिलेला कोरियन मजकूर त्यामुळे निरर्थक झाला. त्या अनुभवानंतर एकदा दिलेला संकेत हलवायचा नाही आणि काढायचाही नाही, असे धोरण स्वीकारले गेले. लिखित मजकुराचे मानक एक प्रकारे शिलालेखासारखे असते. नवी ओळ कोरता येते, जुनी पुसता येत नाही.

फाँटच्या काळातील फाइली

युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि छपाईच्या व्यवसायात त्यानंतरही बरीच वर्षे, मराठी मजकूर तिसऱ्याच पद्धतीने साठवला जात होता. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगळूरहून आलेली आकृती, सी-डॅकचे आयएसएम व आयलीप ही नावे त्या काळात पेजमेकरवर काम केलेल्या प्रत्येकाला आठवतील. या पद्धतीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत : काना वेगळा, अर्धा क वेगळा, रफार वेगळा, आणि अर्धा र हाही स्वतंत्र तुकडा. फाइलमध्ये साठे ते भाषेचे वर्ण नव्हते, तर आकृत्यांचे तुकडे होते, आणि कोणता तुकडा कोणत्या क्रमांकावर हे प्रत्येक उत्पादकाने, पुष्कळदा प्रत्येक फाँटगणिक, वेगळे ठरवलेले होते. ऱ्हस्व इकाराची वेलांटी टंकलेखनयंत्राप्रमाणे व्यंजनाच्या आधी साठवली जाई आणि रफार व्यंजनाच्या नंतर.

या ठिकाणी मजकूर आणि साधन एकच झाले होते. फाँट गेला की मजकूरही गेला. आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या वार्षिकांकांच्या तबकड्या काही वर्षांपूर्वी मूल्यांकनाच्या निमित्ताने बाहेर काढल्या, तेव्हा त्यांतील काही फाइली उघडल्या खऱ्या, परंतु पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांची रांगोळी उमटली. ज्या मुद्रणालयात अंक छापला होता, त्याने तो फाँट वापरणे केव्हाच थांबवलेले होते. फाँटचे नाव तरी कोठे लिहून ठेवलेले असावे, तर तेही नव्हते. अखेर छापील अंकावरून मजकूर पुन्हा टंकित करावा लागला. वाचकांपैकी अनेकांच्या महाविद्यालयांत अशा तबकड्या कपाटात असतील.

लासलगावच्या व्यापारी परंपरेतला एक दाखला येथे समर्पक वाटतो. दशमान पद्धती येण्यापूर्वी धान्य व इतर माल मणात मोजला जाई. परंतु ‘मण’ एकच नव्हता. मुंबई इलाख्यात प्रचलित असलेला मण सुमारे २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा, तर रेल्वे व शासकीय व्यवहारातला बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे ३७.३२ किलोग्रॅमचा होता. एखाद्या जुन्या चोपडीत ‘१०० मण’ असे लिहिलेले असेल, तर ते वजन सुमारे १,२७० किलो की ३,७३२ किलो, हे कोणता मण ते कळल्याखेरीज सांगता येत नाही. १९५६ च्या कायद्याने आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मण व्यवहारातून गेला व क्विंटल आला. कायद्याने व्यवहारातून मण काढला, पण मणाचे कोष्टक जाळून टाकले नाही. पुढील अनेक वर्षे ही कोष्टके पंचांगांत व गणिताच्या पुस्तकांत छापली जात होती, म्हणूनच आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाला आज जुन्या चोपड्या वाचता येतात. कपाटातील तबकड्यांच्या बाबतीत मण बदलला आणि कोष्टकही हरवले.

एका मजकूर-संपादकाचे उदाहरण

जुनी सुसंगतता विचारपूर्वक काढण्याचे सर्वांत शिकवण्याजोगे उदाहरण मराठीबाहेरचे आहे. बर्कले येथील विद्यापीठात बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास ‘व्हीआय’ हा मजकूर-संपादक लिहिला. १९९२ च्या पॉझिक्स मानकात त्याच्या वर्तनाची व्याख्या समाविष्ट झाली, म्हणजे संपादकाच्या सवयींनाच मानकाचा दर्जा मिळाला. नेदरलँड्सचे ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये त्याची नक्कल म्हणून ‘व्हिम’ प्रसिद्ध केला. हा नवा संपादक मूळ संपादकाच्या कितीतरी पुढे गेला, तरी जुन्या वापरकर्त्याची अडचण होऊ नये म्हणून त्यात ‘कंपॅटिबल’ नावाची एक खूण ठेवलेली होती. ती लावली की नवा संपादक जुन्यासारखा वागे. याखेरीज अक्षरांची एक यादी होती; तिच्यातील प्रत्येक अक्षर जुन्या संपादकाची एकेक लकब जिवंत ठेवी.

उदाहरणार्थ, जुन्या संपादकात केलेला बदल रद्द करण्याची कळ दुसऱ्यांदा दाबली, तर रद्द केलेलेच रद्द होई, आणि आपण होतो तेथेच येऊन पोहोचत असू. नव्या संपादकात तीच कळ आणखी मागे, आणखी मागे नेते. ज्यांना जुनीच सवय होती त्यांच्यासाठी यादीतले एक अक्षर पुरेसे होते. ही सोय सौजन्याची होती यात शंका नाही. परंतु अशा प्रत्येक सोयीमागे आज्ञावलीत एक वळण असते, नवा बदल करणाऱ्याला त्या प्रत्येक वळणाचा विचार करावा लागतो, आणि कालांतराने ती सोय वापरणारा कोणीच उरत नाही.

२०१४ मध्ये तियागो दे अरुदा यांनी व्हिममधून ‘निओव्हिम’ ही स्वतंत्र शाखा काढली. तिने ‘कंपॅटिबल’ ही सोय काढून टाकली आणि लकबींच्या यादीतील अनेक अक्षरेही वगळली. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिने घेतलेला आणखी एक निर्णय अधिक महत्त्वाचा आहे. संपादकाच्या आत मजकूर नेहमी यूटीएफ-८ या एकाच युनिकोड संकेतनात राहील, असे तिने ठरवले. त्यापूर्वी आतले संकेतनही बदलता येत असे. मात्र जुन्या संकेतनातील फाइल वाचण्याची व लिहिण्याची सोय तिने उंबरठ्यावर कायम ठेवली : फाइल आत येताना तिचे रूपांतर करायचे आणि बाहेर जाताना हवे असल्यास परत. घरात एकच भाषा, दुभाषी दारावर, अशी ही व्यवस्था आहे. आतला गुंता जातो आणि जुना मजकूरही वाचता येतो.

मदतपुस्तिकेच्या बाबतीत काय घडले, ते इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखे आहे. व्हिमच्या मदतपुस्तिकेत जवळजवळ प्रत्येक नव्या सोयीपुढे ‘ही व्हीआयमध्ये नाही’ असा शेरा असे. सुरुवातीच्या काळात तो आवश्यक होता. पंचवीसेक वर्षांनी त्याने पाने भरून गेली होती, आणि मूळ संपादक पाहिलेला वाचकच दुर्मीळ झाला होता. २०१९ मध्ये हे शेरे मदतपुस्तिकेतून काढण्यात आले. परंतु ती माहिती नष्ट न करता दोन्ही संपादकांतील भेद नोंदवणाऱ्या एका स्वतंत्र प्रकरणात एकत्र केली गेली. निओव्हिमनेही आपण व्हिममधून काय काढले, याची यादी आपल्या मदतपुस्तिकेत ठेवलेली आहे. आज्ञावलीतून काढणे आणि दस्तऐवजातून काढणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे येथे स्पष्टपणे ओळखलेले दिसते. पहिल्या क्रियेने साधन हलके होते. दुसरी क्रिया बेफिकिरीने केली, तर जुन्या काळात काय होते हे जाणण्याचा मार्गच बंद होतो.

मोडी आणि अनुस्वार

मराठीला वगळण्याचा अनुभव संगणकाने प्रथम दिला असे मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी लिपी शाळेतून आणि शासकीय व्यवहारातून हद्दपार झाली. छपाईच्या युगात बाळबोध सोयीची होती, आणि एका भाषेला दोन लिप्या चालवण्याचा भार कमी झाला, हे मान्य करावे लागेल. परंतु पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरासह कोट्यवधी कागद मोडीत होते आणि आहेत. लिपी व्यवहारातून गेली त्याच वेगाने ती वाचणारेही गेले. आज अभ्यासकांना मोडी पुन्हा शिकावी लागते, वर्ग चालवावे लागतात. जमिनीच्या जुन्या नोंदी वाचून घेण्यासाठी शेतकऱ्यांना मोडी जाणणाऱ्याचा शोध घ्यावा लागतो. २०१४ मध्ये युनिकोड ७.० ने मोडीला स्थान दिले, म्हणजे व्यवहारातून गेलेली लिपी मानकात परत आली. वाचणारे मात्र मानकाने परत येत नाहीत.

याच्या उलट उदाहरण अनुस्वाराचे आहे. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले आणि १९६२ मध्ये राज्य शासनाने मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियम, तसेच १९७२ मध्ये त्यांत पडलेली भर, यांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून काढले. ‘नांव’चे ‘नाव’ झाले, ‘कांहीं’चे ‘काही’ झाले. वाद पुष्कळ झाला, अजूनही अधूनमधून होतो. पण नियमांनी काय काढले हे नियमांतच लिहिलेले होते, जुन्या अनुस्वारांचे कारण व्याकरणाच्या पुस्तकांत सांगितलेले होते, आणि म्हणून आजच्या पदवीच्या विद्यार्थ्याला १९३० चे पुस्तक विशेष सायास न करता वाचता येते. शब्दशोध करणाऱ्या संगणकाला मात्र ‘नांव’ आणि ‘नाव’ हे दोन वेगळे शब्दच वाटतात; त्याला कोणीतरी कोष्टक द्यावे लागते.

प्रस्तुत लेखकाला या दोन घटनांतील फरक निर्णायक वाटतो. लिपी बदलणे हे अनुस्वार गाळण्यापेक्षा कितीतरी मोठे असल्याने ही तुलना विषम आहे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि त्यात तथ्य आहे. तरीही मोडीच्या बाबतीत झालेली हानी लिपी काढल्यामुळे जितकी झाली, त्याहून अधिक ती वाचण्याचे शिक्षण कोणत्याच ठिकाणी शिल्लक न ठेवल्यामुळे झाली, असे म्हणण्यास जागा आहे.

अर्ध्या र चे काय करावे

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व लिपीचे प्रमाणीकरण केले. त्याच वर्षी केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक जाहीर केले. भारतीय मानक ब्यूरोने २०१६ मध्ये आयएस १६३५० या क्रमांकाने इनस्क्रिप्टची विस्तारित मांडणी प्रसिद्ध केली. म्हणजे अक्षराचे रूप, त्याचा संकेत आणि त्याची कळ या तिन्हींबाबत निर्णय झालेले आहेत. नव्या लेखनासाठी ‘ऱ’चा पाय मोडण्याची रीतच वापरावी, यात आता दुमत होण्याचे कारण नाही. ती मानकातील मुख्य नियमाला धरून आहे, इस्कीतील लेखनाशी तिचे नाते सरळ आहे, आणि तिच्यात हरवण्याजोगे अदृश्य असे काही नाही. कळफलकाची जी साधने अद्याप सांधकचिन्हाची रीत उमटवतात, त्यांच्यातून ती सोय काढून टाकणे योग्यच होईल.

वाचणाऱ्या साधनांमधून मात्र ती काढता कामा नये. २००० ते २०१० या काळातील मराठी लेखनाचा मोठा भाग त्या रीतीत आहे. शोधाच्या वेळी दोन्ही लेखने एक मानणे हा एक उपाय आहे, पण तो शिथिलपणे केला तर नवी अडचण उद्भवते. सांधकचिन्ह आणि नुक्ता या दोहोंकडे सरसकट दुर्लक्ष करणारा शोध ‘दऱ्या’ शोधताना ‘दर्या’ही आणून देतो. म्हणून रूपांतर नेमके हवे : ‘र’, पायमोड आणि सांधकचिन्ह हे तिन्ही या क्रमाने आले तरच तेथे पाय मोडलेला ‘ऱ’ घालायचा, अन्यथा काहीही बदलायचे नाही. ज्या मजकुरातून सांधकचिन्ह आधीच गळून गेले आहे, तेथे कोणतेही यंत्र खात्रीने सांगू शकत नाही. ‘शेतकर्यांना’ हे ‘शेतकऱ्यांना’च असणार हे शब्दकोशाच्या आधारे ठरवता येईल. ‘दर्यात’ असे आढळल्यास मात्र वाक्य वाचूनच निर्णय करावा लागतो, आणि तो मराठी जाणणाऱ्या माणसाने करावा लागतो.

फाँटच्या काळातील फाइलींचा प्रश्न अधिक निकडीचा आहे, कारण तेथे कोष्टकच अपुरे आहे. इस्कीतील मजकूर आजही वाचता येतो. विंडोज प्रणालीत देवनागरी इस्कीसाठी ५७००२ या क्रमांकाची संकेतसारणी आहे आणि आयसीयू या मुक्त सॉफ्टवेअर-संचातही इस्कीचे रूपांतर करण्याची सोय आहे. जाहीर मानक होते, म्हणून दुभाषी टिकला. खासगी फाँटना असे भाग्य लाभले नाही. त्यांच्यासाठी उत्साही व्यक्तींनी व संस्थांनी परिवर्तक तयार केले, त्यांचा उपयोगही मोठा आहे. पण एकाच नावाच्या फाँटच्या दोन पिढ्यांत तुकड्यांचे क्रमांक वेगळे असले की परिवर्तक चुकतो. गंमत अशी की, अर्धा र या जुन्या फाइलींत स्वतंत्र तुकडा असल्यामुळे तेथे तो निःसंदिग्ध असतो. संदिग्धता येते ती परिवर्तकामुळे. तो ज्या रीतीने लिहिलेला असेल, त्या रीतीचा अर्धा र तो घालतो. दोन परिवर्तकांतून काढलेले एकाच नियतकालिकाचे दोन अंक एकत्र केले, तर पुन्हा दोन प्रकारची ‘शेतकऱ्यांना’ मिसळतात.

महाविद्यालयांच्या पातळीवर करता येण्याजोगे काम फार मोठे नाही. प्रत्येक जुन्या फाइलीबरोबर तिचा फाँट, त्याची आवृत्ती, कोणत्या आज्ञावलीत ती तयार झाली आणि छापील अंकाचे पान, एवढी नोंद एका साध्या मजकूर-फाइलीत करून ठेवावी. फाइलीचे रूपांतर केल्यानंतरही मूळ फाइल टाकून देऊ नये. आणि रूपांतर तपासताना सुरुवातीची पाने वाचून समाधान मानण्यापेक्षा रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि अर्धा र असलेले शब्द वेचून पाहावेत, कारण चुका बहुधा तेथेच सापडतात. लासलगाव परिसरातील कोणत्याही नियतकालिकाच्या बाबतीत ही तपासणी सोपी आहे. कांद्यावरचा एखादा लेख उघडावा. शेतकरी, व्यापारी, कर्मचारी आणि अधिकारी हे चौघे अनेकवचनी, विभक्तिप्रत्यय घेऊन त्यात हटकून आलेले असतात.